तिसरं भोक

घर किती जुनं आहे हे लोक कौलांवरून आणि तुळयांवरून सांगतात. मी बोर्डावरून सांगतो. पालघरच्या किनाऱ्यावर, एडवणच्या एखाद्या जुन्या घराच्या ओटीवर चढलो, की सागवानी पेटीवर बसवलेलं काळं, गोल, टोकदार दांडीचं बॅकेलाइटचं बटण दिसतं. ती पहिल्या पिढीची वायरिंग. पियानोच्या पट्टीसारखी पांढरी बटणं ही दुसरी पिढी, आणि भिंतीत गाडलेल्या पाइपावरची गुळगुळीत मोड्युलर प्लेट म्हणजे मुलाला नोकरी लागल्यानंतरची तिसरी. वायरमनचा परवाना घेऊन या किनाऱ्यावर मी आयुष्य काढलं. केळवे-माहीमपासून दातिवऱ्यापर्यंतच्या कितीतरी घरांत तिन्ही पिढ्या एकाच भिंतीवर शेजारी शेजारी नांदताना पाहिल्या.

गावाच्या विजेचा इतिहास लिहिणारे खांब, उपकेंद्रं आणि उद्घाटनाच्या तारखा मोजतात. घरातला इतिहास वेगळा आहे. तो प्लगच्या भोकांत आहे: आधी एकही नाही, मग दोन, मग तीन. तिसरं भोक दिसायला लागलं तरी त्याच्या मागे खरोखरची तार यायला आणखी एक पिढी गेली. काही घरांत ती अजून पोचलेली नाही.

वीज आमच्याकडे रेल्वेबरोबर आली असती, तर लवकर आली असती. कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९३६ मध्ये ती विरारला पोचली. तिथेच थांबली. वैतरणा ओलांडून सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर हा सगळा पट्टा पुढची कितीतरी वर्षं कोळशाच्या इंजिनाच्या धुरात राहिला. विरारच्या उत्तरेला रेल्वेची पंचवीस हजार व्होल्टची लाइन आली ती सत्तरच्या दशकात, आणि लोकल डहाणूपर्यंत धावायला २०१३ उजाडलं. आमच्या गावांतली माणसं मुंबईत गिरण्यांत, गोदीत, छापखान्यांत कामाला होती. तिथल्या खोलीत ती बटण दाबत आणि सणाला घरी आली की कंदिलाची काच पुसत. लग्नाच्या मांडवात किंवा आशापुरी देवीच्या जत्रेत उजेड हवा असेल तर पंप मारून पेटवायची बत्ती.

या येण्या-जाण्यातून एक गंमत झाली. मुंबईहून आलेल्या माणसाच्या पिशवीत रेडिओ आला, इस्त्री आली आणि त्यांच्या वायरीच्या टोकाला पिन होती. म्हणजे पिन आधी आली, भोक नंतर. घरात वीज आल्यावरही बरीच वर्षं प्लग नव्हताच, फक्त दिवे होते. मग लोकांनी बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा अॅडॉप्टर आणला. बल्ब काढायचा, अॅडॉप्टर अडकवायचा आणि वरून लोंबणाऱ्या वायरीवर इस्त्री चालवायची. दिव्यासाठी टाकलेल्या बारीक तारेवर सातशे-आठशे वॅटची इस्त्री. होल्डरमध्ये दोनच टोकं असतात, त्यामुळे इस्त्रीची हिरवी, अर्थिंगची तार तिथे निरुपयोगी. ती कापून टाकायची पद्धत तेव्हापासूनची आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला स्थापन झालं. पुढे १९६९ मध्ये केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलं आणि खेड्यांतल्या लाइनींना कर्ज मिळू लागलं. त्या काळी सगळा भर शेतीपंपांवर होता. आमच्या पट्ट्यात त्याला मोठा अर्थ होता. केळवे-माहीमची पानं दूरदूरच्या बाजारात जात. पानमळा आणि नारळ-केळीची वाडी पाण्यावर उभी, आणि पाणी विहिरीतून काढायचं ते रहाटाने किंवा तेलाच्या इंजिनाने. त्यामुळे थ्री-फेजची मोटर ही आमच्याकडे विजेची खरी प्रतिष्ठा होती. विहिरीवरच्या पत्र्याच्या खोपटात हिरव्या आणि लाल बटणाचा स्टार्टर अभिमानाने लागे, आणि त्याच मालकाच्या स्वयंपाकघरात दिवा नसे, कारण चुलीच्या उजेडात बाईचं भागतं असा समज. कागदावरही हे खपून जात होतं. महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली तर गाव ‘विद्युतीकृत’ धरलं जाई. एका विहिरीवर मोटर चालली की पुरे. ही व्याख्या १९९७ पर्यंत चालली. मग वस्तीत वीज हवी अशी अट आली, आणि २००४ मध्ये किमान दहा टक्के घरं आणि शाळा-पंचायतीसारख्या जागा अशी आणखी एक. घरातल्या भोकांचा हिशोब मात्र कोणत्याच व्याख्येत नव्हता.

त्याच १९६९ साली, आमच्याच किनाऱ्यावर उत्तरेला, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला चालू झालं. प्रत्येकी २१० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या, पुढे त्यांची क्षमता १६० वर उतरवली. २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ‘एवढं तारापूर शेजारी, मग आपली लाईट का जाते?’ हा प्रश्न मला प्रत्येक पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच. उत्तर सोपं आहे. केंद्रातून निघालेली वीज मोठ्या दाबाने राज्याच्या जाळ्यात जाते. तिथून ती महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये वाटली जाते आणि पायरी पायरीने उतरत अकरा हजार व्होल्टवर गावच्या डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, येते. डीपीतून थ्री-फेजला चारशेच्या आसपास आणि घरात एका फेजला दोनशे तीस. तारापूर किती जवळ याने काही ठरत नाही. डीपी किती दूर आणि मधली तार किती बारीक, यावर तुमच्या बल्बचा रंग ठरतो. समुद्राकडच्या शेवटच्या खांबावरच्या घरात संध्याकाळी ट्यूब पेटायला तडफडत असे ती याच कारणाने.

मी काम शिकलो ते पट्टी वायरिंगवर. आजच्या पोरांना ते माहीत नाही, म्हणून जरा सांगतो. भिंतीत टाकीने चौकोनी भोक पाडायचं, त्यात लाकडाची गुटी सिमेंटने बसवायची, आणि ती सुकल्यावर तिच्यावर सागाची रंधलेली पट्टी स्क्रूने मारायची. पट्टीवर आधीच कथलाच्या मुलाम्याच्या पितळी क्लिपा ठोकलेल्या. त्यात रबराच्या किंवा पुढे पीव्हीसीच्या वेष्टनाच्या तारा झोपवून क्लिपेचं पान वळवायचं. वळणावर तार गोल फिरली पाहिजे, काटकोनात मोडता कामा नये. आमचे उस्ताद पट्टीला ओळंबा लावून बघत. तिरकी गेली तर सगळी काढायला लावत आणि म्हणत, ‘कौलं उडाली तरी बाबा, वायरिंग सरळ दिसली पाहिजे.’ कौलारू घरात पट्टी तुळईच्या कडेने जाई, सिलिंग रोझपर्यंत. मजुरी पॉइंटवर. दिव्याचा पॉइंट, पंख्याचा पॉइंट आणि अगदीच हौशी घर असेल तर प्लगचा. तारांची नावं गेजावरून: लाइटला एक-अठरा, पॉवरला तीन-वीस, मेनला सात-वीस. लाल फेज, काळी न्यूट्रल. बटण नेहमी लाल तारेत घालायचं, हा पहिला धडा. काळ्या तारेत घातलं तरी बल्ब तितकाच बंद-चालू होतो, पण बंद असताना होल्डरमध्ये करंट उभा राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला तो कळतो. मेन बोर्डावर चिनीमातीची किटकॅट. फ्यूज गेला की तिच्यात बारीक तार बांधायची. लोक मात्र तारेचा हाताला लागेल तो तुकडा बांधत, केसातली पिनसुद्धा. मग फ्यूज कधीच जात नसे, आणि त्याबद्दल घरमालक वायरमनचे आभार मानत.

प्लगच्या भोकांचा आकार आम्हाला इंग्रजांकडून मिळाला. गोल पिनांचं ब्रिटिश मानक १९३४ चं. पाच अँपिअरची छोटी पिन, पंधराची मोठी. इंग्लंडने स्वतः १९४७ नंतर ते बाजूला ठेवलं. युद्धाने तांब्याचा तुटवडा झाला होता, घरं नव्याने बांधायची होती, म्हणून त्यांनी चौकोनी पिना, पिनेतच फ्यूज आणि घरभर एकच कडं फिरवणारी वायरिंग स्वीकारली. आपण गोल पिनांवरच राहिलो. आता त्यांवर सहा आणि सोळा अँपिअर लिहिलेलं असतं, पण दुकानात गिऱ्हाईक अजून ‘पंधराचा सॉकेट’च मागतं. घराची विभागणीही तशीच चालत आली. लाइटचं सर्किट वेगळं, त्यावर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा आठशे वॅटपेक्षा जास्त लोड नको. पॉवरचं सर्किट वेगळं, त्यावर जास्तीत जास्त दोन सॉकेट. जुन्या घरात पॉवरचं सर्किट नसे, कारण तापवायला चूल होती.

तीन भोकांपैकी वरचं मोठं ते अर्थिंगचं. तुम्ही सॉकेटकडे तोंड करून उभे राहिलात, तर उजवीकडचं फेज आणि डावीकडचं न्यूट्रल. अर्थिंगची पिन लांब आणि जाड असते, त्यामागे विचार आहे. पिन आत जाताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे मिक्सरच्या किंवा फ्रिजच्या अंगाला जमीन मिळाल्याशिवाय करंट मिळत नाही. ज्या सॉकेटला आतून पडदे असतात, ते पडदेही तीच पिन उघडते. इतका शहाणपणाने घडवलेला हा भाग, आणि घराघरांत सगळ्यात जास्त हाल त्याचेच.

आमच्याकडे प्लगला खरी मागणी आली ती टीव्हीमुळे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. खेड्यात संच यायला आणखी दहाएक वर्षं गेली. अॅल्युमिनियमचा अँटेना बांबूवर चढवून वरळीच्या दिशेला वळवायचा आणि खाली माजघरात टीव्हीसाठी पॉइंट काढायचा, अशी जोडीने कामं येऊ लागली. टीव्हीला दोन पिनांचं भागत होतं, त्यामुळे तिसऱ्या भोकात तार नसली तरी कुणाचं अडलं नाही. मग मिक्सर आला, फ्रिज आला, पाणी तापवायचा रॉड आला. ही धातूच्या अंगाची, पाण्याजवळची यंत्रं. त्यांना तीन पिना होत्या आणि भिंतीत दोन भोकं. यावर गावोगाव एकच उपाय निघाला: वरची पिन हातोडीने मोडायची. तीन भोकांचा सॉकेट असेल आणि वस्तू दोन पिनांची, तर वरच्या भोकात काडी खुपसून पडदा उघडायचा. भिंतीत लाकडाची काडी अडकलेला सॉकेट मी अजून पाहतो.

याच सुमाराला भिंतीतली तारसुद्धा बदलली होती. साठच्या दशकात परकीय चलनाची टंचाई होती, तांबं बाहेरून यायचं, म्हणून घरगुती वायरिंगमध्ये अॅल्युमिनियमची तार शिरली. स्वस्त, हलकी आणि कोरड्या मुलखात निभावून जाणारी. समुद्राकाठी ती टिकणं अवघड. अॅल्युमिनियमला एक खोड आहे: स्क्रूखाली दाबली की ती हळूहळू दबत जाते आणि पकड सैल होते. त्यात बोर्डाचा टर्मिनल पितळेचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खाऱ्या हवेचा ओलावा. पांढरी भुकटी धरते, जोड तापतो, बॅकेलाइट काळं पडतं आणि ओटीवर जळक्या वेष्टनाचा वास येतो. आषाढात मला येणारी निम्मी बोलावणी याच वासाची असत. नवीन तार लागत नसे. बोर्ड उघडायचा, टोकं कापायची, पॉलिश पेपरने घासायची, स्क्रू परत कसायचा. हे काम पाच मिनिटांचं, आणि घर वाचवणारं.

आता अर्थिंगकडे येतो, कारण माझ्या मते आमच्या किनाऱ्याच्या वायरिंगचा सगळा इतिहास तिथे येऊन थांबतो. पद्धत साधी. अंगणात खड्डा, त्यात अडीच मीटरचा जीआय पाइप उभा, त्याभोवती कोळसा आणि जाडं मीठ थराथराने. वर फनेल, उन्हाळ्यात पाणी ओतायला. पाइपापासून आठ नंबरची जीआय तार मेन बोर्डापर्यंत, आणि तिथून चौदा नंबरची उघडी तार पट्टीच्या कडेने प्रत्येक सॉकेटपर्यंत. मीठ कशाला? ते ओल धरतं आणि ओल्या खाऱ्या मातीतून करंट सहज जातो. या हिशोबाने आमची जमीन सोन्यासारखी. खाजणाजवळ नुसता पाइप ठोकला तरी अर्थिंग मोजायचा मीटर चांगला आकडा दाखवतो. पण जे मीठ अर्थिंग चांगलं करतं, तेच पाइप खातं. वरून फनेल दिसतं, तार दिसते, आणि खाली पाइप भुगा झालेला असतो. वाळूच्या टेकाडावरच्या घरांचं उलट: पावसाळ्यात उत्तम, मे महिन्यात वरची वाळू कोरडी आणि अर्थिंग नावापुरतं.

यात नुकसान काय, हे आकड्यांनी पाहावं. समजा फ्रिजच्या आत फेजची तार खरवडून पत्र्याला लागली. अर्थिंगचा रोध दहा ओहम असेल तर २३० व्होल्ट भागिले दहा, म्हणजे तेवीस अँपिअर जमिनीकडे धावतात, आणि पाच अँपिअरचा फ्यूज लगेच उडतो. रोध पन्नास ओहम झाला असेल तर ४.६ अँपिअरच जातात. फ्यूज उडत नाही, फ्रिज चालत राहतो आणि त्याचा दरवाजा ओल्या हाताची वाट बघतो. पाइप मातीत गंजला तर वर काही बदललेलं दिसत नाही, आणि धोका इथेच आहे.

अर्थिंग हरवण्याचा दुसरा रस्ता आणखी छुपा. पुष्कळांनी खड्ड्याचा खर्च टाळून तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असे. नियमात बसत नव्हतं, पण काम भागत होतं, कारण पाइप जमिनीतून लांब गेलेला. मग प्लास्टिकच्या टाक्या आणि प्लास्टिकचे पाइप आले. प्लंबर आला, लोखंड काढलं, पांढरा पाइप जोडला. घराचं अर्थिंग त्या दुपारी गेलं आणि वायरमनला कुणी सांगितलं नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचं टर्मिनल पुरवठादाराने द्यायचं आणि वायरिंगचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यायचं, हे दोन्ही लिहिलेलं होतं. घरात मात्र टेस्ट रिपोर्टवर सही हवी असे, तपासणी नको असे.

किनाऱ्याच्या पूर्वेकडच्या, डोंगराकडच्या पाड्यांचा इतिहास याहून आखूड आहे. वारली, मल्हार कोळी, कातकरी यांच्या वस्त्यांत वीज गेली ती योजनांनी. १९८८-८९ च्या कुटीर ज्योतीत गरीब घराला एक दिवा, एक पॉइंट. कुडाच्या भिंतीवर गुटी बसत नाही, म्हणून आम्ही बोर्ड थेट मेढीवर मारत असू. २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली, तीतही मीटरबरोबर एकाच पॉइंटची वायरिंग आणि एलईडी दिवा. जवळजवळ तीस वर्षांनी एक पॉइंट तो एकच. फरक पडला तो माणसांनी स्वतः पाडला: होल्डरमधून मोबाइल चार्ज करायचा अॅडॉप्टर. साठ वर्षांपूर्वी मुंबईहून इस्त्री आणणाऱ्याने जे केलं, तेच. सुदैवाने चार्जर प्लास्टिकचा असतो आणि त्याला तिसरी पिन लागत नाही. पण त्याच घरात आता टेबलफॅन आहे, काही ठिकाणी फ्रिज आहे, आणि भिंतीत तोच पॉइंट.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा पालघर जिल्ह्यात झाडं आणि खांब पडले, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. वीज परत आली तशी पावसाने भिजलेल्या बोर्डांची कामं आली. ज्या घरांत आरसीसीबी, म्हणजे गळती पकडून वीज तोडणारी कळ, होती तिथे ती ट्रिप होऊन बसली होती आणि मालक कुरकुरत होते, ‘ही राहतच नाही, काढून टाका.’ मी काढली नाही. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत तीस मिलीअँपिअरचा फरक पडला, की ती क्षणात तोडते. पाइप गंजलेला असला तरी तोडते, कारण तिला फ्यूजसारखे पाच अँपिअर लागत नाहीत. खाऱ्या मातीवरच्या घराला याहून चांगली वस्तू माझ्या पिढीने पाहिलेली नाही.

हल्ली गावात नवे बंगले होतात, पाहुण्यांसाठी खोल्या होतात. मालक प्लेटचा रंग निवडायला एक दिवस घालवतो. मी त्याला वायरमनकडे दोन गोष्टी मागायला सांगतो. पहिली, बोर्डावरचं आरसीसीबीचं चाचणीचं बटण माझ्यासमोर दाब, ती पडली पाहिजे. दुसरी, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते दाखव, आणि मीटर लावून आकडा वाच, मे महिन्यात. खड्डा कुठे आहे हे घरातल्या कुणालाच सांगता आलं नाही, तर बोर्डावर तीन भोकं असली तरी मी ते घर दोन भोकांचंच धरतो.